तांबेऱ्याशी झुंज

रब्बीचा गहू ओंब्यांवर आला म्हणजे शेतकऱ्याचे मन आनंदाने भरून येते. परंतु त्या आनंदाच्या तळाशी एक धास्तीही दडलेली असते. थंडी ओसरू लागते, आभाळ भरून येते, पहाटे पानांवर दव साचते आणि एके दिवशी हिरव्यागार पानांवर व खोडांवर विटकरी रंगाचे बारीक फोड दिसू लागतात. पानावरून बोट फिरविले तर बोटाला गंजासारखी तांबडी भुकटी लागते. पाहता पाहता हे फोड शेतभर पसरतात, ओंब्यांतील दाणे दुधातच सुकू लागतात आणि भरघोस दिसणाऱ्या पिकातून खळ्यावर केवळ भुसा व चिपाड दाणे हाती येतात. या रोगालाच तांबेरा असे म्हणतात. हातातोंडाशी आलेला घास काढून नेणारा असा दुसरा शत्रू गव्हाला क्वचितच असेल.

हा शत्रू मानवाला फार प्राचीन काळापासून परिचित आहे. प्राचीन रोमन लोक रोबिगस नावाच्या तांबेऱ्याच्या देवतेची पूजा करीत. दर वर्षी एप्रिलच्या २५ तारखेस तिच्या नावाने उत्सव होई आणि पिकावर कोप होऊ नये म्हणून कुत्र्याचा बळी दिला जाई. देवाचा कोप, वाईट हवा, ग्रहमान अशी अनेक कारणे लोक सांगत. परंतु खरे कारण कोणास ठाऊक नव्हते. पुढे १७६७ मध्ये फेलिचे फोंटाना या इटालियन शास्त्रज्ञाने ती तांबडी भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. हा गंज नसून परोपजीवी सजीवांचा समूह आहे, असे त्याने दाखवून दिले. शत्रूचे खरे रूप मानवाला प्रथमच दिसले.

तांबेरा ही एक बुरशी आहे. तिची तांबडी भुकटी म्हणजे असंख्य सूक्ष्म बीजाणू होत. वाऱ्यावर उडत आलेला एखादा बीजाणू गव्हाच्या पानावर पडला आणि तेथे दवाचा ओलावा मिळाला, की तो रुजतो. त्यातून निघालेला बारीक तंतू पानाच्या श्वसनरंध्रातून आत शिरतो आणि पेशींतील अन्नरस शोषू लागतो. हवा अनुकूल असल्यास एक ते दोन आठवड्यांत पानाची साल फाडून नवा फोड वर येतो आणि त्यातून हजारो बीजाणू बाहेर पडतात. फाटलेल्या सालीतून रोपाचे पाणी उडून जाते, अन्नरस बुरशी खाऊन टाकते, आणि दाण्याच्या वाट्याला काहीच उरत नाही. या बुरशीचे मुख्य प्रकार तीन आहेत. खोडावर येणारा तो काळा तांबेरा, पानावर येणारा तो तपकिरी किंवा नारिंगी तांबेरा, आणि थंड प्रदेशांत पानावर पिवळ्या रेघा उमटविणारा तो पिवळा तांबेरा. महाराष्ट्रात पहिल्या दोहोंचेच भय विशेष असते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. भारताच्या मैदानी प्रदेशात चैत्र-वैशाखाचे ऊन इतके कडक असते, की त्यात हे बीजाणू जिवंत राहू शकत नाहीत. गव्हाचे पीकही तेव्हा शेतात नसते. मग पुढल्या हिवाळ्यात तांबेरा येतो तरी कोठून? युरोपात दारुहळदीच्या जातीच्या एका काटेरी झुडपावर या बुरशीच्या जीवनक्रमाचा काही भाग पार पडतो, हे आंटोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये सिद्ध केले होते. भारतातही तसेच घडत असावे, अशी समजूत होती. आग्रा येथील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षे डोंगर व मैदाने हिंडून, हवेतील बीजाणू गोळा करून या प्रश्नाचा छडा लावला. भारतात त्या झुडपाचा तांबेऱ्याच्या फैलावाशी फारसा संबंध नाही. उत्तरेस हिमालयाच्या आणि दक्षिणेस निलगिरी व पळणीच्या थंड डोंगरांवर तांबेरा उन्हाळा काढतो आणि तेथून वाऱ्यावर स्वार होऊन मैदानांत उतरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. बंगालच्या उपसागरातील वादळी वारे निलगिरीवरील बीजाणू शेकडो कोस दूर मध्य भारतापर्यंत वाहून नेतात, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले.

वाऱ्याला कुंपण घालता येत नाही. म्हणून ज्या वर्षी हवामान बुरशीला अनुकूल असे, त्या वर्षी शेतकरी अगदी असहाय होई. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात आणि महाराष्ट्राच्या काही भागांत काळ्या तांबेऱ्याची भयंकर साथ आली. महायुद्धानंतरचे ते दिवस आधीच धान्यटंचाईचे होते. त्यात उभे पीक हातचे गेले. राजाने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद मागावी तरी कोणाकडे, अशी त्या शेतकऱ्याची अवस्था झाली. औषधे फवारून कोट्यवधी एकर गहू वाचविणे त्या काळी शक्य नव्हते. उपाय एकच होता. रोगाशी लढण्याचे बळ बियाण्यातच असावयास हवे होते.

असे बळ काही रोपांत मुळातच असते, ही गोष्ट चाणाक्ष शेतकऱ्यांच्या ध्यानात फार पूर्वीच आली होती. तांबेऱ्याने जळून गेलेल्या शेतातही एखादे रोप टवटवीत उभे असे. त्याच्या ओंब्या वेगळ्या काढून त्याच पुढल्या वर्षी पेरण्याची चाल अनेक ठिकाणी होती. परंतु रोगाला न जुमानणारे रोप पुष्कळदा दाण्याने हलके असे, आणि भरदार दाण्याचे रोप रोगाला चटकन बळी पडे. एकाचे बळ आणि दुसऱ्याचा दाणा एकत्र आणावा कसा? हे कोडे सुटण्यास आनुवंशिकतेचे नियम कळावे लागले. ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने वाटाण्यांवरील प्रयोगांतून ते नियम शोधून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले होते. पण १९०० पर्यंत त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, १९०५ मध्ये, केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी ते नियम गव्हाच्या तांबेऱ्याला लावून पाहिले. पिवळ्या तांबेऱ्याला बळी पडणारा एक गहू आणि त्याला दाद न देणारा दुसरा गहू यांचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीतील सर्व रोपे रोगाला बळी पडली. एखादा घाईचा मनुष्य येथेच निराश होऊन थांबला असता. बिफेन यांनी त्याच रोपांचे दाणे पुन्हा पेरले, तेव्हा दुसऱ्या पिढीत सुमारे चारांतील एक रोप निरोगी निघाले. पहिल्या पिढीत तो गुण नष्ट झाला नव्हता, केवळ झाकला गेला होता. रोगप्रतिकारक्षमता ही मेंडेलच्या नियमांप्रमाणे पुढील पिढ्यांत उतरते, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

संकर करण्याची क्रिया ऐकण्यास सोपी, पण करण्यास चिकाटीची आहे. गव्हाचे प्रत्येक फूल स्वतःच्याच परागांनी फळते. म्हणून प्रथम तो मार्ग बंद करावा लागतो. परागकोश पिकण्यापूर्वी ओंबीतील एकेक फूल चिमट्याने हलकेच उघडून त्यातील तिन्ही पुंकेसर काढून टाकतात. मग परका पराग येऊ नये म्हणून ओंबीवर कागदाची पिशवी चढवितात. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या निवडलेल्या गव्हाचे पिकलेले पराग आणून त्या फुलांतील स्त्रीकेसरांवर टाकतात व पिशवी पुन्हा बांधतात. त्यातून मिळालेल्या मूठभर दाण्यांपासून खरे काम सुरू होते. दुसऱ्या पिढीत गुणांची हजार तऱ्हेने सरमिसळ होते. हजारो रोपांवर मुद्दाम तांबेरा सोडून, त्यांतून टिकलेली चांगल्या दाण्याची रोपे निवडावयाची, त्यांचे बी पुन्हा पेरावयाचे, असे सहा-सात पिढ्या चालते, तेव्हा कोठे स्थिर गुणांचा एक वाण हाती येतो. त्यासाठी दहा-बारा वर्षे लागली तर त्यात नवल नाही.

परंतु इतक्या श्रमांनी सिद्ध केलेला वाणही एके दिवशी अचानक तांबेऱ्याला बळी पडे. याचे कारण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील एल्विन स्टॅकमन यांनी शोधून काढले. तांबेरा एकच नव्हे. दिसण्यात सारखे, पण स्वभावाने निराळे असे त्याचे अनेक उपप्रकार असतात. एका उपप्रकाराला न जुमानणारा गहू दुसऱ्यापुढे मान टाकतो. हे उपप्रकार ओळखण्यासाठी स्टॅकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या गव्हांतून बारा वाण निवडले. कोणता वाण रोगट होतो व कोणता निरोगी राहतो, यावरून बुरशीचा उपप्रकार ठरविला जाई. या बारा कसोट्यांपैकी एकीचे नाव 'खपली' असे होते. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांत खिरीसाठी जो जाड सालीचा गहू पिकतो, त्याच कुळातील हा गहू. अनेक परदेशी वाण ज्या तांबेऱ्यापुढे टिकत नसत, त्याच्यापुढे खपली ताठ उभी राही. ज्या गव्हाला कमी उत्पन्नाचा म्हणून शेतकरी मागे टाकीत होते, तो शास्त्रज्ञांच्या हाती एक मोलाचे साधन ठरला.

खपलीच्याच भाऊबंदांपैकी एका गव्हाने आणखी मोठी कामगिरी बजावली. १९१६ मध्ये उत्तर अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याने गव्हाचे अतोनात नुकसान केले. त्याच वर्षी साउथ डाकोटातील एडगर मॅकफॅडेन या तरुणाने त्या भाऊबंद गव्हाचा आणि नेहमीच्या पोळीच्या गव्हाचा संकर करण्याचे धाडस केले. एकाच्या पेशीत २८ गुणसूत्रे, तर दुसऱ्याच्या पेशीत ४२. असा संकर सहसा फळत नाही. तरीही चिकाटीने त्यांनी एक वाण सिद्ध केला व त्याला 'होप', म्हणजे आशा, असे नाव दिले. या वाणातून पुढे आलेली प्रतिकारक्षमता मोठी विलक्षण ठरली. ती तांबेऱ्याला पूर्णपणे रोखीत नाही. त्याची वाढ केवळ मंद करते. परंतु जी जनुके बुरशीला दारातच अडवितात, ती काही वर्षांत निष्प्रभ होतात, आणि हे मंद गतीने झुंजणारे जनुक मात्र शंभर वर्षे होत आली तरी उपयोगी पडत आहे.

भारतातही या कार्याला वेग आला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी दीर्घ परिश्रमांनी एन. पी. ८०९ हा वाण सिद्ध केला. १९५४ मध्ये प्रसृत झालेल्या या वाणात तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देण्याचे सामर्थ्य होते. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या संशोधन केंद्रात स्थानिक गव्हाचा केनियातील रोगप्रतिकारक गव्हाशी संकर झाला आणि त्यातून निघालेल्या वाणांना दोन्ही भूमींची नावे जोडून 'केनफाड' असे म्हटले गेले. महाबळेश्वरच्या थंड हवेत तांबेरा वर्षभर जिवंत ठेवता येतो. म्हणून तेथील केंद्रात गव्हाचे वाण मुद्दाम रोगाच्या कसोटीस लावण्यात येतात.

यानंतर नॉर्मन बोरलॉग यांचे कार्य सुरू होते. ते स्टॅकमन यांचे विद्यार्थी. १९४४ मध्ये मेक्सिकोत जाऊन त्यांनी प्रथम तांबेऱ्याशीच झुंज दिली. एकाच वर्षात दोन निरनिराळ्या प्रदेशांत, निरनिराळ्या हवामानात पीक घेऊन त्यांनी वाणनिर्मितीचा काळ निम्म्यावर आणला. परंतु रोगमुक्त गव्हाला भरपूर खत-पाणी दिले, की त्याचे उंच खोड ओंब्यांच्या भाराने वाकून पीक लोळू लागे. त्यावर जपानच्या 'नोरिन १०' या बुटक्या गव्हाने तोड काढली. त्याच्याशी संकर करून आखूड व बळकट खोडाचे, तांबेऱ्याला तोंड देणारे वाण तयार झाले. बोरलॉग १९६३ मध्ये भारतात आले, डॉ. स्वामिनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वाणांची कसून पारख केली. १९६६ मध्ये १८,००० टन बियाणे मेक्सिकोहून आणण्यात आले. मेक्सिकन गव्हाचा दाणा लालसर असल्याने लोकांना तो रुचेना; तेव्हा भारतीय शास्त्रज्ञांनी त्याच सामग्रीतून पिवळसर दाण्याचे 'कल्याण सोना' व 'सोनालिका' हे वाण निवडले. १९६४-६५ मध्ये भारतात सुमारे १ कोटी २३ लाख टन गहू पिकला होता. १९७० मध्ये तो २ कोटी टनांवर गेला. त्याच वर्षी बोरलॉग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि या यशाच्या पोटातच एक धोका लपला होता. एकच उत्तम वाण लक्षावधी एकरांत पेरला गेला, म्हणजे त्याचे कवच भेदणाऱ्या एका बीजाणूला सारा देशच मोकळा सापडतो. कल्याण सोन्याचे तसेच झाले. १९७० नंतरच्या काही वर्षांत तपकिरी तांबेऱ्याने त्याला गाठले आणि त्याची जागा दुसऱ्या वाणांना घ्यावी लागली. जगाच्या पातळीवरही हाच अनुभव आला. राय या धान्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात आणल्याने काळ्या तांबेऱ्याला रोखणारे एक समर्थ जनुक गव्हाला लाभले होते. अनेक देशांतील वाण त्याच एका जनुकाच्या भरवशावर निर्धास्त होते. १९९८ मध्ये युगांडात त्या जनुकाला न जुमानणारा तांबेरा आढळला. 'युजी ९९' या नावाने तो कुप्रसिद्ध झाला. पुढे केनिया, इथिओपिया, येमेन असा प्रवास करीत तो २००७ पर्यंत इराणात पोहोचल्याचे दिसून आले. तेव्हा नव्वदीच्या घरात असलेल्या बोरलॉग यांनी जगाला जागे केले आणि अनेक देशांचे गहू केनियात नेऊन त्या तांबेऱ्यापुढे पारखण्यास सुरुवात झाली.

या झुंजीत आता एक नवे साधन हाती आले आहे. गुण ठरविणारी जनुके गुणसूत्रांवर कोठे असतात, एवढेच पूर्वी अनुमानाने सांगता येई. आज ती नेमकी ओळखून वेगळी काढता येतात. २०१८ मध्ये गव्हाच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. संकरात हव्या असलेल्या एका गुणाबरोबर नको असलेले अनेक गुणही येतात, आणि मग ते घालविण्यात अनेक पिढ्या खर्ची पडतात. जनुकीय अभियांत्रिकीत मात्र नेमके हवे तेच जनुक रोपाच्या पेशीत घालता येते. काही वेळा हे काम एका मृत्तिकाजीवाणूकडून करविले जाते. तो निसर्गतःच आपली जनुके वनस्पतीच्या पेशीत सोडतो. शास्त्रज्ञ त्याच्या ओझ्यातील अपायकारक भाग काढून तेथे हवे ते जनुक ठेवतात. अशा एका पेशीपासून पुढे संपूर्ण रोप वाढविले जाते.

तांबेऱ्याच्या बाबतीत या साधनाचा एक विशेष लाभ आहे. एका कुलपाची किल्ली चोराला सापडू शकते; पण दाराला पाच निरनिराळी कुलपे असली, तर पाचही किल्ल्या त्याला एकाच वेळी सापडणे अतिशय कठीण. संकराने पाच प्रतिकारक जनुके एका वाणात आणता येतात, परंतु पुढील संकरात ती पुन्हा विखुरतात. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलिया व अन्य देशांच्या शास्त्रज्ञांनी काळ्या तांबेऱ्याला रोखणारी पाच जनुके एकमेकांना जोडून गव्हात एकाच जागी बसविल्याचे प्रसिद्ध केले. ती पुढील पिढीत एकत्रच उतरतात, आणि शेतातील चाचणीत त्या गव्हाने तांबेऱ्याला उत्तम तोंड दिले.

असे असले तरी हे साधन म्हणजे परीस नव्हे. परक्या जनुकाचा आहारावर व आसपासच्या सृष्टीवर काय परिणाम होईल, बियाण्यावर मालकी कोणाची राहील, असे प्रश्न लोक विचारतात. त्यांची उत्तरे कसोशीने तपासूनच द्यावी लागतात. शिवाय निसर्ग येथेही स्वस्थ बसत नाही. भारतात २००२ मध्ये बोंडअळीला मारक जनुक असलेल्या बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली. आरंभी त्याने बोंडअळीला चांगलाच पायबंद घातला. परंतु बहुतेक सर्वत्र तोच कापूस पेरला गेला, अळीसाठी साधा कापूस थोड्या जागेत राखण्याचा नियम पुष्कळ ठिकाणी पाळला गेला नाही, आणि काही वर्षांतच गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. २०१७ मध्ये विदर्भातील कापूस उत्पादकांना त्याचा जबर फटका बसला. गव्हाने शिकविलेला धडा कापसाने पुन्हा गिरवून घेतला, तो असा, की जनुक संकराने आलेले असो वा प्रयोगशाळेतून, एकट्यावर भिस्त ठेवली तर ते फार काळ टिकत नाही.

म्हणून आज शास्त्रज्ञ निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळे वाण देतात, शीघ्र अडविणारी आणि मंद झुंजणारी जनुके एकत्र गुंफतात, आणि वाऱ्याबरोबर कोणता नवा तांबेरा येत आहे यावर सतत पहारा ठेवतात. या सर्वांचे मूळ भांडवल मात्र जुनेच आहे. प्रयोगशाळा जनुकांची मांडणी बदलू शकते. पण रोगाला तोंड देणारी जनुके बहुधा रानटी गवतांतून आणि शेतकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या जतन केलेल्या देशी वाणांतूनच येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत अशा वाणांची बियाणी गोठणबिंदूच्या खाली थंड ठेवून सांभाळली जातात. तथापि पेढीतील बी झोपलेले असते. शेतातील बी दर वर्षी नव्या हवेशी, नव्या रोगाशी झगडत शहाणे होत जाते. एखाद्या शेतकऱ्याने बांधालगतच्या चार वाफ्यांत खपली पेरली, तर तो केवळ खिरीची सोय करीत नाही. पुढे कधीतरी येणाऱ्या, अद्याप नावही नसलेल्या तांबेऱ्याविरुद्धचे शस्त्र तो जपून ठेवीत असतो. तांबेऱ्याशी झुंज संपणारी नाही. पण मूठभर निराळे बी ज्याच्या कणगीत शिल्लक आहे, तो या झुंजीत निःशस्त्र नाही.